उरलेल्या गोळ्यांचं दान नको



चातुर्मासाच्या तयारीची बैठक होती. आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळ तसं हौशी आहे, दर वर्षी काहीतरी नवं ठरतं. यंदा एका ताईंनी सुचवलं की मंदिराच्या ओसरीत एक पेटी ठेवू. घरोघरी औषधं उरून पडलेली असतात, ती बायकांनी आणून टाकायची आणि मंडळानं ती गरजूंना वाटायची, खास करून ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांना. पेटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं: 'औषधदान'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, माझा विरोध आहे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "औषधदानाला नाही म्हणणारी जैन बाई मी पहिल्यांदाच बघतेय गं." सगळ्या हसल्या, मीही कसनुशी हसले. विषय तिथंच राहिला आणि चौका कुणाकडे कधी लावायचा यावर गेला. त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. घरी आल्यावर भांडी घासताना एकेक उत्तर सुचत गेलं (नेहमी असंच होतं), म्हणून ते इथं लिहिते आहे. तिखट वाटलं तर क्षमा असावी, पण वाचा शेवटपर्यंत.

माझा राग सगळ्या औषधांवर नाही. मी बोलतेय ते अँटिबायोटिकबद्दल. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला उभी लाल रेघ असते ना, ती औषधं. केंद्र सरकारनं २०१६ साली या लाल रेघेची मोहीमच काढली होती: रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्या पेटीत सगळ्यात जास्त काय पडणार आहे ते मला माहीत आहे, कारण माझ्या स्वतःच्या डब्यात तेच होतं.

तर आधी माझी आलोचना.

आमच्या फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात घरातली औषधं. डबा माझ्या ताब्यात, त्यामुळे घरातली अर्धी डॉक्टर मीच. कुणाला सर्दी झाली, घसा धरला, जुलाब लागले की आधी माझ्याकडे. "अगं, मागच्या वेळची ती पिवळी गोळी आहे का?" असं जाऊबाई विचारायच्या आणि मी अभिमानानं काढून द्यायचे. शेजारणीलाही द्यायचे. कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवालासुद्धा मोठ्यांची गोळी अर्धी मोडून दिलेली मला आठवते. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

सासूबाईंना साखरेचा त्रास आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. आता आमच्या सासूबाई म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, गेली चाळीस वर्षं. आमचं दुकान, स्वयंपाक, पाहुणे यांत संध्याकाळची गोळी राहून जायची आणि एकदा दिवस मावळला की विषय संपला. तिसऱ्या दिवशी आग थांबली. आग थांबल्यावर गोळी कशाला? दहापैकी चार पोटात गेल्या, सहा डब्यात. डॉक्टरांना ना त्यांनी सांगितलं की माझं रात्रीचं व्रत आहे, ना मी.

दोन महिन्यांनी पुन्हा आग. मी डब्यातल्या दोन दिल्या. बरं वाटलं. पुढच्या वेळी डब्यात संपल्या होत्या, तर मुलाला रिकामी स्ट्रिप घेऊन मेडिकलवर पाठवलं. रिकामी स्ट्रिप दाखवली की तशीच भरलेली मिळते, चिठ्ठी कुणी मागत नाही. असं वर्षभरात चार-पाच वेळा झालं. मग एका रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला, बोलण्यात अर्थ राहिला नाही, आणि पहाटे आम्ही त्यांना दवाखान्यात दाखल केलं.

तिथं लघवीचं कल्चर केलं. कल्चरचा रिपोर्ट तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल तर सांगते. जंतूचं नाव असतं, खाली औषधांची यादी असते, आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं. 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. सासूबाईंच्या रिपोर्टवर आर, आर, आर असं खाली खाली उतरत गेलं होतं. माझ्या डब्यातली लाल रेघेची सगळी औषधं त्या आर-वाल्या ओळींत होती. तोंडानं घ्यायची एकही गोळी उरली नव्हती. मेरोपेनेम नावाचं इंजेक्शन, दिवसातून तीनदा, शिरेतून, दहा दिवस. त्या बऱ्या झाल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी निभावलं. याच्या वर आता एक-दोनच पायऱ्या आहेत." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता हे कसं होतं ते मला समजलं तसं सांगते. मला आधी वाटायचं, माणसाच्या शरीराला औषधाची सवय होते. तसं नसतं. निर्ढावतात ते जंतू. कोट्यवधी जंतूंत काही मुळातच चिवट असतात. अर्धवट औषध पोहोचलं की लेचेपेचे मरतात आणि चिवटांना मोकळं रान मिळतं. जंतू ही चिवटपणाची युक्ती एकमेकांना देतातही, एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला. आणि आजार अँटिबायोटिकचा नसतानाही गोळी घेतली, तर आपल्या आतड्यात सुखानं राहणारे जे जंतू आहेत त्यांच्यात हीच निवड होते. ते आपल्या हातांवरून, संडासातून, टॉवेलवरून घरभर फिरतात. म्हणजे सासूबाईंच्या गोळ्यांचा हिशेब फक्त सासूबाईंपुरता राहत नाही. त्याच घरात माझी नात रांगते.

ही गोष्ट ज्यानं पेनिसिलिन शोधलं त्यानंच सांगून ठेवली होती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडलं, १९४५ मध्ये नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरं घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तो संसर्ग त्याच्या बायकोला होतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं तरी उपयोग होत नाही, आणि ती मरते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, घसा दुखला नवऱ्याचा आणि गेली बायको. हे सांगायला नोबेल कशाला लागतं, आपल्याकडे कुणालाही विचारा.

आणि ही गोष्ट कल्पित राहिलेली नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली. आपल्या राज्यातलंच बघा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११च्या अखेरीस क्षयाचे असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. सगळ्या जगात खळबळ उडाली. त्या रुग्णांना आधी ठिकठिकाणी चुकीची, अर्धवट, बदलत्या औषधांची मिळवणी दिलेली होती.

आता धर्माकडे येते, कारण काकूंनी मला धर्मावरून टोकलं होतं.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. लहानपणी पाठशाळेत आपण घोकलंय: जी हिंसा प्रयोजनाशिवाय होते, ती अनर्थदंड. संसारात स्वयंपाक करताना, शेती करताना, दुखणं बरं करताना काही हिंसा टळत नाही. गृहस्थाला ती क्षम्य नसली तरी समजून घेतलेली आहे. पण कारण नसताना झाड तोडणं, पाणी सांडणं, माती उकरणं, हे श्रावकाला शोभत नाही. मग मला सांगा, व्हायरसच्या सर्दीला अँटिबायोटिक देणं म्हणजे काय? सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकनगुन्या, कांजिण्या, कोरोना, हे सगळे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. ते फक्त पोटातल्या निरपराध जंतूंचा संहार करतं आणि माघारी चिवट तेवढे ठेवून जातं. जंतूंना किती इंद्रियं, त्यांचा जीव कोणत्या कायात मोडतो, हे पंडित सांगतील. मला एवढंच कळतं की आमच्या आजेसासूबाई पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी परत विहिरीत सोडायच्या, दुष्काळात विहीर तळाला गेली तरी दोरी वाढवून. त्यांची नातसून मी, आणि शिंक आली की गोळी फोडते.

अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत त्यांत एकाचं नावच 'हिंसादान' आहे. शस्त्र, विष, अशी घातक साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. आपल्या पेटीवर आपण 'औषधदान' लिहिणार आहोत. आत काय पडेल? कुणाच्या चार गोळ्या, कुणाच्या दोन, कुणाचं पातळ औषध अर्धी बाटली. बाळासाठीचं अँटिबायोटिक भुकटीच्या रूपात येतं. पाणी घालून कालवलं की ते थोडेच दिवस टिकतं आणि काही तर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. पेटीत ते उन्हात पडणार. एकाही माणसाला पुरेल असा पूर्ण डोस त्या पेटीत नसेल, कारण आपल्या घरी ज्याचा डोस पूर्ण झाला त्याचं काही उरतच नाही! उरलं याचा अर्थच कुणीतरी मध्ये सोडलं. म्हणजे आपल्या चुका गोळा करून आपण गरिबाला वाढणार.

रत्नकरंडक श्रावकाचारात औषधदानाचा दाखला म्हणून एका स्त्रीचं नाव येतं, वृषभसेनेचं. ते नाव घ्यायचं असेल तर जपून घेऊ या.

आणि मर्यादेचं काय? पिठाची मर्यादा आपल्याला पाठ आहे: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. गाळलेल्या पाण्याची वेगळी, उकळलेल्या पाण्याची वेगळी. चौका लावला की मसाल्याच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहितो. त्याच घरात औषधाच्या डब्यात दोन वर्षांपूर्वीची स्ट्रिप असते, कात्रीनं अशी कापलेली की तारीख नेमकी गेलेली. कॅप्सूल घेताना आपण विचारतो, हे कवच जिलेटिनचं आहे का? छान, विचारायलाच हवं. मीही विचारते. पण कवचाच्या आत जे आहे ते मुळात लागतं का, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही.

"आम्ही मांसाहार करत नाही, ते कोंबड्यांना अँटिबायोटिक देतात तो प्रश्न आपला नाही," असंही एकीनं मला नंतर फोनवर सुनावलं. कोंबड्यांचं खरंच गंभीर आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, आणि ते पोल्ट्रीच्या खाद्यात जात होतं. २०१९ मध्ये सरकारनं खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. पण मैत्रिणींनो, आपण दूध पितो ना? गाईला दगडी झाली, कास सुजली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. पुढचे ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. आष्टी-कड्याकडे माझं माहेर, दारात गाई होत्या. ते दूध ओतून देताना वडिलांच्या जिवावर यायचं, पण ते द्यायचे. सगळेच देतात असं मी म्हणू शकत नाही. आपल्या गवळ्याला विचारायला हरकत नाही.

आता दुकानाकडे, आणि इथं माझ्याच घरात भांडण आहे. आपल्या समाजात मेडिकल स्टोअर असलेली घरं किती आहेत ते मोजून बघा. माझ्या दिरांचंही आहे. सासूबाई घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "भाऊजी, चिठ्ठी न बघता का देता हो?" ते म्हणाले, "वहिनी, मी नाही दिली तर समोरचा देईल. गिऱ्हाईक जाईल, आजार तसाच राहील." खोटं बोलत नव्हते ते. कायदा आहे, १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातल्या वरच्या दर्जाच्या अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते: कोणत्या डॉक्टरनं दिलं, कुणाला दिलं, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. रजिस्टर असतं. त्यात काय लिहिलेलं असतं, हा वेगळा विषय.

मी भाऊजींना एवढंच म्हटलं: आपल्या मामांचं किराणा दुकान आहे. समोरचा अंडी ठेवतो. गिऱ्हाईक अंडी घ्यायला समोर जातं आणि तिथूनच साखर, तेलही घेतं. पन्नास वर्षं मामांनी तो तोटा सोसला, कधी म्हटलं नाही की समोरचा विकतो म्हणून मी पण ठेवतो. ते काही बोलले नाहीत. पण परवा मुलगा सांगत होता की काकांनी एका माणसाला चिठ्ठी आणायला परत पाठवलं. एकाला. मी मोजतेय.

"डॉक्टरच देतात, आम्ही काय करणार?" हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि अर्धा खरा आहे. ताप आला की दुसऱ्या दिवशी रक्त, संध्याकाळी 'टायफॉईड निघाला', आणि सकाळ-संध्याकाळ सुई सुरू. आपल्या भागात अशी किती घरं सापडतील! ज्या विडाल तपासणीवर हे चालतं ती एकदाच केली तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी कधी टायफॉईड झाला असेल, लस घेतली असेल, दुसराच ताप असेल, तरी ती 'पॉझिटिव्ह' येते. खरी खात्री रक्ताच्या कल्चरनं होते आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावं लागतं. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून टायफॉईडची अशी साथ पसरली की त्यावर ही नेहमीची सुई चालेना. तोंडानं घ्यायचं जे एक भरवशाचं औषध उरलं, ते म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. तेच, जे आपण 'तीन दिवसांचा कोर्स' म्हणून सर्दीला घेतो.

पण डॉक्टरांना दोष देताना आपणही आरशात बघावं. जो डॉक्टर म्हणतो, "व्हायरल आहे, चार दिवस आराम करा, पातळ प्या," त्याला आपण काय म्हणतो? "काही येत नाही त्याला. नुसती तापाची गोळी दिली." आणि फी घेऊन सुई-सलाईन लावतो तो हाताला गुण असलेला. मी स्वतः अशी दोन डॉक्टरांची बदनामी केलेली आहे, भिशीमध्ये बसून.

ज्यांच्यासाठी ही पेटी ठेवायची आहे त्या ऊसतोड बायकांकडे घाई करायला कारण तरी आहे. दिवस बुडाला की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, नवरा-बायकोचा कोयता अडतो. फडावर ना संडास ना पाणी. अंगावरून जातं, आग होते, त्यावर वर्षानुवर्षं गोळ्या, आणि शेवटी पिशवीच काढून टाका. २०१९ साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या या बायकांची बातमी देशभर गाजली आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या बायकांना कुणी नीट तपासत नाही, हेच तर त्यांचं दुखणं. आणि आपण त्यांना न तपासता, धर्माच्या नावानं, अजून एक मूठभर गोळ्या देणार.

कुणी म्हणेल, मग गरिबाला औषधच मिळू नये का? मिळालंच पाहिजे, आणि अँटिबायोटिकसुद्धा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं काय केलं ते वाचा. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. नवजात बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, बाळ दूध ओढतंय का, रडतंय का बघायचं, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली तरच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबतचं औषध, ठरलेल्या मापानं, ठरलेले दिवस, वहीत नोंद करून. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. त्या कमी शिकलेल्या बायका माझ्यापेक्षा चांगल्या डॉक्टर होत्या, कारण त्या मोजत होत्या. आणि हीच औषधं आता बाळांवर हरू लागली आहेत. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले बरेचसे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. दोन-तीन दिवसांची बाळं. त्यांनी कधी कुठली गोळी अर्धवट सोडली होती?

एक नाजूक गोष्ट राहिली. लिहू की नको असं झालं होतं, पण चातुर्मास तोंडावर आहे. महाराज किंवा माताजी दिवसातून एकदाच आहार घेतात आणि औषधही तेव्हाच. त्यांना ताप-खोकला झाला की आपण भक्तीनं चौक्यात कुणाच्या तरी घरून आणलेली कॅप्सूल देतो. जी गोळी दिवसातून दोनदा-तीनदा घ्यायची ती एकदाच जाते, तीही तीन वेगळ्या चौक्यांत तीन वेगळ्या औषधांची. ही सेवा होत नाही. डॉक्टरांना आधी त्यांची चर्या सांगावी. काही औषधं दिवसातून एकदाच घ्यायची असतात, त्यांतलं एखादं लागू पडतं का हे डॉक्टर ठरवू शकतात. नाही पडलं तर तेही कळू द्यावं. आपल्या घरातल्या व्रतींचंही तेच. मी आता डॉक्टरांकडे गेले की पहिलं वाक्य हे बोलते: "यांचं सूर्यास्तानंतर काही घेणं नसतं." आमच्याकडे सकाळची गोळी उजाडल्यावर आणि दुसरी दिवस मावळायच्या आत, हे डॉक्टरांनीच बसवून दिलं. पर्युषणात उपवास करणाऱ्या बायकांनी औषध चालू असेल तर तसं डॉक्टरांना सांगावं, मनानं मध्येच थांबवू नये. किती दिवस घ्यायचं ते त्यांनी सांगायचं, बरं वाटलं म्हणून मी नाही.

माझा डबा मी रिकामा केला. न उघडलेल्या स्ट्रिप भाऊजींनी परत घेतल्या. बाकीच्या चुरून, चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत दिल्या. मोरीत किंवा ओढ्यात टाकल्या नाहीत. आता डब्यात थर्मामीटर आहे, ओआरएसच्या पुड्या आहेत, तापाची गोळी आहे. मुलांच्या जुलाबाला ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक, हेच खरं औषध. रक्त पडलं, मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले तर घरी थांबायचं नाही. मोठ्यांनाही धाप लागली, ताप तीन दिवसांवर गेला, शुद्ध हरपू लागली तर लगेच दवाखाना. अँटिबायोटिक नको म्हणणं म्हणजे डॉक्टर नको म्हणणं नव्हे, हे मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या कुणी माझं नाव घेऊन खरा न्यूमोनिया अंगावर काढेल.

मंडळापुढे माझं म्हणणं असं: पेटी ठेवा, 'औषधदान' हेच लिहा, पण त्यात पैसे टाका. ज्या बाईकडे चिठ्ठी आहे आणि पूर्ण डोस घ्यायला पैसे नाहीत, तिला पूर्ण डोस घेऊन द्या, शेवटच्या गोळीपर्यंत. कुणाला कल्चर करायला सांगितलंय आणि परवडत नाही, त्याचे पैसे भरा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७४ पासून. तिथवर जायचं एसटीचं भाडं द्या, सोबत एक बाई द्या. यात फोटो चांगला येणार नाही, हे मला मान्य आहे.

पुढची बैठक रविवारी आहे. काकूंना मी हे छापून नेऊन देणार आहे, त्या मोबाइलवर वाचत नाहीत.

सासूबाईंना काल संध्याकाळपासून पुन्हा आग होते आहे, थोडी कसकसही आहे. डब्याकडे हात गेला नाही. सकाळी लघवीचा नमुना दिला. डॉक्टरांनी मागचा रिपोर्ट समोर ठेवून काय सुरू करायचं ते लिहून दिलं. कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी मिळेल.